तिसरी पायरी

जिभेला हाड नसतं म्हणतात.
खरंय.
म्हणून तर सव्वीस वर्षं
मी तिला उभं राहायला शिकवतेय,
त्र्झेबीचच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
जिथे हिवाळाभर रेडिएटर खोकतो
आणि आरशावर कायम कुणाचा तरी श्वास असतो.

आमच्या भाषेत एक अक्षर आहे.
त्यात र आणि झ एकाच क्षणी म्हणायचे,
एकामागून एक नाही, एकात एक,
कुंपणाच्या फळ्यांवरून काठी ओढत पळावं तसं,
तेही दात मिटून.
परदेशी माणसं हसतात आणि नाद सोडतात.
इथल्या मुलांना ती सूट नाही.
ते गावाच्या नावात आहे, नदीत आहे,
मिरपुडीत आहे,
मित्र म्हणायचं तरी ते आहे,
तीन म्हणायचं तरी.

बोर्झेक सात वर्षांचा.
ते अक्षर त्याच्या नावाच्या ऐन मध्यात,
म्हणून बेकरीत तो सांगतो, मी पावेल.
बसच्या ड्रायव्हरला सांगतो, मी पावेल.
पहिल्या दिवशी मलाही, पावेल.
फाइल माझ्यासमोर उघडीच होती.
मी म्हटलं, बरं, पावेल, बस.

शाळेची चिठ्ठी होती सोबत:
एक, दोन, चार असं मोजतो. गणित कच्चं.
वडील बिटाचा ट्रक चालवतात.
हातातली टोपी चुरगाळत म्हणाले,
सुट्टे पैसे तर बरोबर आणतो हो.
मी नऊ बटणं टेबलावर ओतली.
त्याने मुकाट्याने तीन-तीनचे ढीग लावले
आणि माझ्याकडे बघत राहिला,
चोरी पकडली गेल्यासारखा.

वरच्या दातांमागे मी मधाचा ठिपका लावते,
जीभ त्याला हुडकत वर जाते.
कापसाचा गोळा, फुंकर, घोड्याच्या टापा,
मग मोटरसायकल.
विमा कंपनी बारा तास मंजूर करते.
अकराव्या तासाला मोटरसायकल सुरू होते
आणि रोज त्याच कुंपणावर आदळते.

त्याच्यानंतरची वेळ अपोलेनाची.
तिचं एक अक्षर अडलेलं नाही.
तिच्या घशात एकच गुणगुण आहे, माशी काचेवर असावी तशी,
आणि मांडीवर टॅब्लेट, त्यात चित्रं,
त्यात कुणा बाईचा
बातम्या वाचल्यासारखा आवाज.
हा आवाज तिचा म्हणायचा का,
तिच्या आईने मला एकदा विचारलं होतं.
मी अजून उत्तर दिलेलं नाही.

परवा मला उशीर झाला. दोघं बाकावर.
त्याने स्वतःहून सांगितलं, पावेल.
तिने मान हलवली. नाही.
त्याची टोपी उलटी पडली होती बाकावर,
आत आईने शिवलेली नावाची पट्टी.
अपोलेनाचं बोट एकेका अक्षरावर
बर्फावरून चालल्यासारखं गेलं.
टॅब्लेटमधली बाई म्हणाली:
बोर्झेक.

लख्ख. दात मिटून,
दात नसताना.

तो म्हणाला, पुन्हा.
बोर्झेक.
पुन्हा.
मी दारात उभी, हातात किटली, मोजत होते.
सतरा वेळा.
अठराव्याला म्हणायला हवं होतं, आता तू.
पुस्तकात तसंच आहे. मी विद्यार्थिनींना तसंच शिकवते.
पण ती हसत होती, आणि तोही,
आणि पाणी उकळून उकळून निवलं होतं.

जाताना तो नेहमी जिना मोजत उतरतो.
एक, दोन, चार, धडाधड,
गवंड्याने तिसरी पायरी बांधलीच नाही जणू.
त्या दिवशी एक.
दोन.
मग काहीच नाही.
बूट थांबलेला. दातांच्या फटीतून हवा.
खाली ट्रकचा हॉर्न वाजला, एकदा, परत एकदा.
मग चार.

बारावा तास पुढच्या गुरुवारी.
फाइलमध्ये प्रगतीचा रकाना आहे, दोन बोटं रुंद.
मी लिहिलं:
तीनसाठी जागा सोडतो.